मुंडी इली काय?

बांद्याच्या आठवडा बाजारात भर गर्दीत आबा कंपाउंडर एखाद्या बाईला लांबूनच ओरडून विचारायचे, "काय गो, मुंडी इली काय?" आणि ती बाई सुंगटांची म्हणजे कोळंबीची टोपली तिथेच टाकून पळ काढायची.

प्रश्न औषधाचा असे. पोटात फितीसारखा चपटा, लांबलचक जंत झाला की आबा डाळिंबाच्या मुळाच्या सालीचा काढा पाजत, वर एरंडेल. जंत वावभर लांब पडला तरी आबांना कौतुक नाही. "शेपटेक काय पूजूचा? मुंडी आत रवली तर परत वाढतलो!" म्हणून रोग्याने कोमट पाण्याच्या मडक्यावर बसायचं. मग आबा ते काडीने ढवळून, चष्मा पुसून पुसून टाचणीच्या माथ्याएवढी मुंडी शोधायचे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो जंत मला झाला. मी शाळामास्तर, आबांचा शेजारी. पोटात अन्न नाही, काढ्याने ओकाऱ्या, एरंडेलाने कळा. दाराबाहेर आबा गर्जताहेत, "मास्तरा, मुंडी इली?" सगळी आळी ऐकतेय.

"इली, इली!" मी खोटंच ओरडलो.

आबा मडकं घेऊन परसात गेले. परतले ते गरम पेज घेऊन. "खा आता," एवढंच म्हणाले.

पुढे भेटतील तिथे विचारायचे, "पोट कसा आसा रे?" तीन महिन्यांनी जंताचे तुकडे पुन्हा पडू लागले. लाजेने मी आबांना टाळू लागलो. बेळगावच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या. चावून खाल्ल्या, मोकळा झालो.

शेवटी राहवेना म्हणून आबांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आणि मुंडी?"

"शोधूची लागणा नाय. आतच इरघळता."

"असा?" पाकीट त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "तुझी इली नव्हती, ता माका त्याच दिसा कळला होता."

"मग बोललात कित्याक नाय?"

"अर्धो झाललंस रे. लगेच परत काढो देवक माझो जीव होयना. म्हटला, अंगात ताकद येवंदे, मास्तर आपणहून येतलो."

फडताळातून त्यांनी फडक्याची पुरचुंडी काढली. धुऊन सुकवलेली साल. त्या दिवसापासून माझ्यासाठी जपलेली.

मी माफी मागितली. "खुळो काय!" म्हणत त्यांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी भेटले, तेव्हा हात जोडून म्हणाले, "मास्तरांनू, तुमची तब्येत बरी मा?"

बारा वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. मरेपर्यंत मग तेच म्हणत राहिले; 'पोट कसा आसा रे?' मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.