भिंतीवरचं सक्कस

कोगनोळीत इंग्रजी येणारी माणसं दोन-चार निघतील, पण 'सक्कस' हे क्रियापद येणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच, आणि तो म्हणजे बाळगोंडाआप्पा! निपाणीच्या वकिलांना विचारा, बेळगावच्या हेडमास्तरांना विचारा. डोकं खाजवत बसतील!

आप्पांना हा शब्द कलकत्त्याहून पार्सलनं आलेल्या होमिओपथीच्या पेटीतल्या पुस्तकात सापडला. सक्कस करायचं म्हणजे औषधाची बाटली मुठीत धरून अशी आपटून आपटून हिसळायची, की औषध आणि स्पिरिट एकजीव झालं पाहिजे. नुसतं हलवणं नव्हे! शब्द जिभेवर बसेपर्यंत आप्पांनी तो परसात म्हशीला म्हणून दाखवला. दुसरं ऐकायला होतं कोण?

पेटी मागवली तीही कुणीतरी ऐकायला यावं म्हणूनच. वर्षापूर्वी बायको, पद्मावती, गेली आणि घराची पायरी ओस पडली. येणारी-जाणारी सगळी माणसं तिची होती, हे आप्पांना ती गेल्यावर कळलं. दिवसा तंबाखूच्या रानात गडी बोलायचे तेवढंच. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत एकट्यानं जेवायचं आणि दाराकडं बघत बसायचं. फार एकटं वाटायचं त्यांना. माणसं सहज येत नाहीत, निदान औषधाला येतील, दोन शब्द बोलतील, असा त्यांचा बेत होता.

अखेर एक गिऱ्हाईक आलं. आळीतल्या शामूला सर्दी झाली होती.

"बस बस! ऐसपैस बस!" आप्पांनी त्याला लोडाला टेकवलं. "आता बघ, मी हे सक्कस करतो."

"म्हंजे काय ओ आप्पा?"

"बघ तर खरं!"

पुस्तकात लिहिलं होतं, बाटली चामडी बांधणीच्या जाड ग्रंथावर आपटावी. जैनाच्या घरात कातडं कुठलं? आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. मधली मातीची भिंत दिसली. टणक, तरी जराशी मऊ. झालं! धाड! धाड! धाड!

आता, ती भिंत शेजारच्या आक्काताईंशी सामाईक होती, आणि पद्मावतीचं नि आक्काताईंचं सगळं बोलणं त्या भिंतीतूनच चालायचं. एक थाप म्हणजे 'विरजण आहे का?' दोन थापा म्हणजे 'ये गं बसायला.' आणि एकसारखा धडाका म्हणजे 'धावा! कुणाचं तरी बरंवाईट होतंय!' आप्पांनी जन्मात त्या भिंतीला हात लावला नव्हता. बायकांचा कारभार, आपल्याला काय करायचंय!

आप्पा रंगात येऊन आपटत होते, तेवढ्यात बूच उडालं आणि सगळं स्पिरिट उपरण्यावर सांडलं. त्याच क्षणी दार धाडकन उघडलं.

"आप्पा गेलं काय रं?" आक्काताई ओरडतच आत आल्या. मागं सून, सुनेमागं सगळी आळी. कुणी पाण्याचा तांब्या आणला. मष्णूनं हुंगायला कांदा फोडून आणला आणि जैनाचं घर म्हणून तो उंबऱ्यातच अडकला.

आप्पा तर उभेच्या उभे! मग जाणारं कोण? सगळ्यांची नजर लोडाला टेकलेल्या शामूवर गेली.

"शामू रं! काय झालं रं तुला, लेकरा!"

शामूचा चेहरा पांढराफटक पडला. "आप्पा, मला नुसती सर्दी हाय म्हनालतो की मी! एवढी माणसं कशाला बोलिवली? खरं सांगा, किती दिस ऱ्हायल्यात माझं?" आणि त्यानं भोकाडच पसरलं.

इतक्यात आक्काताईंनी नाक वर केलं. "ह्यो वास कसला?" त्यांनी आप्पांच्या ओल्या उपरण्याकडं पाहिलं. "आप्पा! तुमी दारू?"

"न्हाय ओ आक्का! मी सक्कस करत होतो!"

"नवीन नवीन नावं निघाल्यात तिला," शामू रडता रडता म्हणाला.

आप्पांनी पुस्तक उघडून पुढं धरलं, पण इंग्रजी वाचणार कोण? आक्काताई सगळ्यांकडं वळल्या. "पद्मक्का गेली आन् माणूस एकलं पडलं. आता सांजच्याला कुणी ना कुणी हितं येऊन बसायचं. ह्यास्नी एकटं सोडायचं न्हाय!"

आप्पांनी शपथ घ्यायला तोंड उघडलं होतं. पण 'कुणी ना कुणी येऊन बसायचं' हे शब्द कानात उतरले, आणि त्यांनी ते मुकाट्यानं मिटलं.

काय ते दिवस होते! रोज संध्याकाळी पायरीवर वहाणांची गर्दी! कुणी भाजलेल्या शेंगा आणायचं, मष्णू कुस्त्यांच्या थापा ठोकायचा, आणि निघताना जो तो दारूबंदीवर उपदेश करायचा. जन्मात थेंब न चाखलेले आप्पा मान खाली घालून तो ऐकायचे आणि मनातून सुखावायचे.

पण चांगलं कुठं टिकतं? एक दिवस लोकांनी ठरवून टाकलं, आप्पा सुधारले! सगळ्यांनी पाठ थोपटली आणि येणं थांबवलं. ह्या खेपेचा एकटेपणा आप्पांना आधीच्यापेक्षा जड गेला.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी पेटीतली दुसरी बाटली काढली, उपरण्यावर शिंपडली आणि आक्काताई पाण्याला निघालेल्या दिसताच पायरीवर एक झोकांडी खाल्ली. झोकांडीही धड जमली नाही.

आक्काताई घागर ठेवून जवळ आल्या. त्यांनी उपरणं हुंगलं. "श्वास सोडा बघू," म्हणाल्या. आप्पांनी सोडला.

"आप्पा, दारू तोंडानं पित्यात. उपरण्यानं न्हाय!"

आप्पांचे कान लाल झाले. "तुमाला कवा कळलं?"

"पयल्याच दिशी." आक्काताईंनी घागर पुन्हा कमरेवर घेतली. "माणसं बोलवायची तर भिंत हाय की, दोन थापा मारायच्या! मलाबी पद्मक्काची थाप ऐकून वरीस झालं."

दुसऱ्या दिवशी आप्पा बराच वेळ भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी दोन थापा मारल्या, अगदी हळू. इतक्या हळू मारण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

पलीकडून आवाज आला, "आले ओ! पण ते सक्कस-बिक्कस आधी भाईर ठेवा!"