टपरीवर स्थळ बघणारे वामनकाका

मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला माणूस मुलाचं घर बघतो, नोकरी बघतो, पत्रिका मागतो. आमचे शेजारी वामनकाका आधी मुलाच्या घराजवळची पानाची टपरी बघायचे. सकाळीच जाऊन बाकड्यावर बसायचे, एक पेपरमिंट घेऊन ती बराच वेळ चघळायचे आणि सहज आठवल्यासारखं विचारायचे, अमक्यांचा मुलगा कुठली सिगारेट घेतो. शिरढोणच्या टपरीवाल्याला ते साध्या वेशातले पोलीस वाटले. रोडपालीच्या टपरीवाल्याने त्यांना सिगारेट कंपनीचा माणूस समजून भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं. मुलगा कुठली सिगारेट ओढतो ते मात्र दोघांनीही सांगितलं आणि दोन्ही स्थळं काकांनी मोडली.

"पत्रिकेत विडी लिवलेली नसते," ते म्हणायचे. "टपरीवाल्याला समदा म्हाईत असतो."

ही मुलगी म्हणजे नंदा, त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची. काका पनवेलच्या बस डेपोत मेकॅनिक. त्यांनी लग्न केलं नव्हतं. नंदाची आई, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि नंदा यांच्यासह ते आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायचे. त्या खोल्यांत धुराला बंदी होती. उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. गणपतीचा धूप अंगणात, तोही वारा कुठून येतो ते बघून. होळीला लांबूनच नमस्कार. आमचा पाण्याचा बंब धुमसायला लागला की काका सूप घेऊन मधल्या भिंतीशी उभे राहत आणि धूर परत आमच्याच घरात पाठवत. गल्लीत कुणी विडी पेटवली, तर त्याला म्हणत, "भाऊ, हवा फुकट हाय, तीच घ्या की." डेपोत दिवसभर डिझेलचा धूर खाणाऱ्या माणसाने असं वागावं, याची गल्लीला मोठी गंमत वाटायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे मला सगळंच येत असणार, असा काकांचा समज होता. एकदा डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायला त्यांनी मला बोलावलं, तेव्हा मला खरं कारण कळलं.

नंदाचे वडील चाळिशीच्या आत दम लागून लागून गेले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते की, फुप्फुसांची राखण करणारा एक पदार्थ रक्तात असतो आणि तो यांच्या रक्तात जन्मापासून फारच कमी आहे. त्यात विडी. राखणदार नाही आणि वरून धूर, मग फुप्फुसं झिजत जातात. पुढे नंदाचं रक्त तपासलं, तर तिच्यात तो पदार्थ निम्म्याच्या आसपास निघाला. धुरापासून लांब राहिली तर बहुतेक काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी बारावीत आनुवंशिकतेच्या धड्यात शिकलेले वाटाणे आठवले आणि अडखळत सांगितलं की प्रत्येक गुणाच्या दोन सूचना असतात, एक आईकडून येते, एक वडिलांकडून. नंदाची आईकडून आलेली चांगली आहे, वडिलांकडून आलेली बिघडलेली.

काकांनी विचार केला. "म्हंजे एक पिस्टन चांगला नि एक भंगारातला. गाडी चालंल. फकस्त घाटात जपायचा."

मला ते बरोबर वाटलं, पण खात्री नव्हती.

आता हे मुलाकडच्यांना सांगायचं कसं? वहिनी म्हणायच्या, सांगितलं तर कोण करील तिला? काका म्हणायचे, न सांगता धुराच्या घरात ढकलू? म्हणून ते बिनधुराचंच घर शोधत होते. सांगायची वेळच येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटी उरणचं एक स्थळ आलं. तिथल्या टपरीवाल्याने मुलाला शंभरपैकी शंभर दिले. नंदाने मुलाचा फोटो पुन्हा बघायला मागून घेतला, यावरून आम्ही काय ते समजलो. चूक एकच झाली. काकांनी टपरीवर फक्त मुलाची चौकशी केली, मुलाच्या वडिलांची केलीच नाही.

मुलाचे वडील होडीवाले, उन्हाने रापलेले, मोकळ्या स्वभावाचे. मुलाला घेऊन मुलगी बघायला आले, खुर्चीत टेकले, खिशातून विडी काढून ओठांत धरली आणि माचिस मागितली.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन जागीच थांबल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी बोलायचं होतं.

"वाटाण्यांचं असं असतं," मी सुरुवात केली, "काही उंच असतात, काही बुटके."

मुलाच्या वडिलांनी बशीत वाकून पाहिलं आणि पोह्यांत वाटाणे नसले तरी चालतात, असं मला समजुतीने सांगितलं.

मग काकाच बोलले. "दादा, विडी पेटवू नका." भावाचं दुखणं, रक्त, नंदाचं निम्मं, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. पुढचं मीही कधी ऐकलं नव्हतं.

"आमी दोगं एकाच बंडलातल्या ओढायचो. मला काय झाला नाय. तो गेला. पयली विडी मीच दिलेली त्याला."

नंदा चहा घेऊन आतल्या दारात उभी होती.

"आईनं सांगितलंय मला ते," ती म्हणाली. "सातवीत होते तेव्हाच."

काका वळले. "मंग बोलली का नाय कदी?"

"काय बोलायचं? तुमी सोडली होती ना."

मुलाच्या वडिलांनी विडी ओठांतून काढून कानावर ठेवली. म्हणाले, घरात ओढणार नाही, ओट्यावर बसून ओढीन. नंदाने त्यांच्यापुढे चहा धरत विचारलं, ओटा दाराला लागूनच आहे का? त्यांनी मदतीसाठी मुलाकडे पाहिलं. मुलगा चहात बघत राहिला. मग बोलता बोलता ते विडी घेऊन ओट्यावरून अंगणात आले आणि अंगणातून होडीवर गेले.

"अजून सून नाय झाली, तर होडीवर धाडला मला," ते हसत म्हणाले आणि तारखेचं विचारू लागले.

पाहुणे गेल्यावर वहिनी गल्लीत पेढे वाटायला निघाल्या. काका उंबऱ्यावर बसून होते. मी चप्पल घालत होतो, तर हाताने मला थांबवलं.

"सातवीत," ते म्हणाले. "तवा ती माझ्या सायकलवर शालंत जायची. मागं बसून, दोनी हातांनी कंबर धरून."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"घट्ट धरायची रं," ते म्हणाले.