गावप्रमुखांच्या नावाचा तरस

थोर माणसाचं नाव कशाला तरी दिल्याशिवाय गावाला चैन पडत नाही, आणि ते कशाला दिलं हे कळल्यावर थोर माणसाला झोप लागत नाही. आमच्या ओलकेरीत शाळेला, पाणवठ्याला आणि गुरांना औषधात बुडवायच्या हौदाला गावप्रमुख सांकाले यांचं नाव आधीच देऊन झालं होतं. (हौद गळतो. पण तो हौदाचा दोष.) गावात नाव द्यायला काही उरलं नाही, तेव्हा वन्यजीव समितीची नजर रानाकडे वळली. या समितीचा मी, लेशाओ, चिटणीस. त्यामुळे पुढे जे झालं ते रीतसर ठरावानेच झालं.

आधी सिंहाचा विचार झाला. पण आमच्याकडचा सिंह बरेचदा तरसांनी मारलेल्या शिकारीवर आयता येऊन बसतो. अशा प्राण्याला गावप्रमुखांचं नाव दिलं तर लोक उगाच अर्थ काढतील, असं काही सदस्यांना वाटलं. हत्ती शेजारच्या गावाने आधीच अडवून ठेवलेला. राहता राहिला ठिपक्यांचा तरस.

टेकडीखालच्या टोळीत एक तरस होता. सगळ्यांत धिप्पाड, एक कान फाटलेला. झेब्रा पडला की आधी तो जेवणार, बाकीचे शेपटी पायात घालून उभे. त्याने नुसती मान वर केली की समोरचा बाजूला व्हायचा.

"अगदी आपले सांकाले," उपाध्यक्ष कोइनेट म्हणाले, आणि सगळे गप्प झालेले पाहून घाईने पुढे म्हणाले, "म्हणजे, गौरवाने."

ठराव एकमताने झाला. बोकड भाजला. गावप्रमुखांनी भाषणात सांगितलं की पुढारी बनवता येत नाही, तो जन्मावा लागतो. (हे तरसांच्या बाबतीत तंतोतंत खरं निघालं.)

आपल्या नावाचा तरस रानात फिरतोय म्हटल्यावर माणसाच्या चालीत फरक पडतो. सांकाले रोज सकाळी मला विचारू लागले, "काल काय मारलं रे मी?"

"झेब्रा, मझे," मी सांगायचो. वडीलधाऱ्यांना आम्ही मझे म्हणतो.

"एकट्याने?"

"जवळजवळ."

मग जिल्ह्याच्या गावाहून वनखात्याच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या. सांकाले स्वतः त्यांना जीपमधून तरसांच्या बिळाशी घेऊन गेले. मागच्या बाकावर मी होतो. फाटक्या कानाचा तरस उन्हात पसरला होता. सांकाले छाती काढून म्हणाले, "हे आम्ही."

तेवढ्यात बिळातून दोन काळी पिल्लं धडपडत बाहेर आली आणि त्याच्या पोटाशी जाऊन दूध प्यायला लागली.

बाईंनी दुर्बीण खाली केली. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "जुळं झालं."

संध्याकाळी तातडीची सभा भरली. ओढ्याकाठी तंबू ठोकून तरसांचा अभ्यास करणाऱ्या अकिन्यीला बोलावणं गेलं. ही पश्चिमेकडची, तलावाकाठची मुलगी. तिला भीड फार कमी.

"तू आधी का नाही सांगितलंस?" कोइनेटनी विचारलं.

"मला कुठे कुणी विचारलं?"

"अगं, पण दिसायला तर तो नर दिसतो. सगळ्या बाजूंनी."

"मादीही तशीच दिसते. सगळ्या बाजूंनी. आणि टोळी तीच चालवते. आईची पायरी पोरांना मिळते. नर वयात आला की बहुधा दुसऱ्या टोळीत जातो आणि तिथे रांगेत शेवटी उभा राहतो. कालच्या पिल्लापुढेही मान खाली घालतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलीसुरली हाडं मिळतात. तीही पचतात म्हणा, म्हणून तर यांची विष्ठा पांढरी असते." (शेवटचं वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

समितीने साधकबाधक विचार केला. पिल्लं दत्तक मानावीत, ही सूचना एका मताने पडली. शेवटी नाव टोळीतल्या सर्वांत वरच्या नराला द्यावं असं ठरलं, आणि तो पाहायला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. सांकालेंची थोरली बायको नलांगूही आली. टोळी जेवत होती. वरचा नर लांब उभा होता, बरगड्या दिसत होत्या, आणि एक पिल्लू त्याचा घोटा चावत होतं. तो विनयाने दुसरीकडे बघत होता.

"द्या यालाच नाव," नलांगू म्हणाली. "मला तर ओळखीचा वाटतो."

त्यानंतर सांकाले घराबाहेर पडेनात. पोरंटोरं कुंपणाशी येऊन पिल्लांची खुशाली विचारून पळायची. एकदा मी दूध घेऊन गेलो, तर म्हणाले, "लेशाओ, माझ्या बापाच्या नावाचा डोंगर आहे रे." मला खरोखर वाईट वाटलं. गडी आता पद सोडतो असंच सगळे धरून चालले.

पण बाभळीखाली गावसभा भरली तेव्हा ते आले, काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "उशीर झाला. पोरांना पाजत होतो."

क्षणभर कुणाला कळेना. मग जो हशा उठला, तो काही केल्या थांबेना. सांकालेंनी नलांगूची नक्कल केली, वरच्या नराची केली, घोटा चावून घेतला तेही करून दाखवलं. कोइनेट पोट धरून जमिनीवर बसले. त्याच ओघात सांकाले म्हणाले की ओढ्याकाठचं कुरण आता त्यांच्या थोरल्या मुलाच्या पर्यटक तंबूंना दिलं आहे, गुरांनी तिकडे येऊ नये. "तरस माजलेत हो तिकडे. बाळंतीण आहे एक." पुन्हा हशा. हात वर झाले. मी लिहिलं : ठराव हसतखेळत मंजूर.

परत येताना अकिन्यी माझ्याबरोबर होती. माझं हसणं अजून ओसरलं नव्हतं.

"लेशाओ, तुमची गुरं कुठे चरतात?"

"ओढ्याकाठी," मी हसतच म्हणालो.

"तरसाचं हसणं ऐकलंय ना? जेवणारा तरस कधी हसत नाही, त्याचं तोंड भरलेलं असतं. ज्याला घासावरून हाकलतात ना, तो हसतो."

मी हे कोइनेटना जाऊन सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तर वाचकहो, हे वाचताना तुम्हालाही कुठे हसू आलं असेल तर संकोच करू नका. फक्त, तेवढ्या वेळात तुमच्या गावात कोणता ठराव मंजूर झाला, ते जमल्यास विचारून घ्या.