भुसारी आणि एकच टर्की

आमच्या ऑफिसच्या लिफ्टमधे टर्कीची मादी ओरडली, तर नवीन माणूस वर बघायचा. जुने लोक भुसारीकडे बघायचे.

टाळूला चिकटवायची एक चपटी शिट्टी मिळते. ती तोंडात ठेवून फुंकली की मादी साद घालते तसा आवाज निघतो आणि नर टर्की म्हणे शोधत येतो. एप्रिल लागला की ही शिट्टी भुसारीच्या तोंडात मुक्कामाला असे. एकदा क्लायंटबरोबर कॉल चालू होता. मॅनेजरने भुसारीला स्टेटस विचारलं. त्याने म्यूट काढलं आणि टर्की बोलली. कुणाची तरी लाइन खराब आहे, असं क्लायंट म्हणाला. "माझीच आहे," असं सांगून भुसारी शांतपणे कॉफी आणायला गेला.

मनोहर भुसारी मूळचा नागपूरचा. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास अमेरिकेत ॲन आर्बरमधे आमची क्युबिकल्स शेजारी होती. बाकीची मराठी मंडळी वीकेंडला क्रिकेट खेळायची नाहीतर सेलमधे फिरायची. भुसारीने शिकारीचा सेफ्टी कोर्स केला, धनुष्य घेतलं आणि गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दर दिवाळीला चकल्या देऊन त्याच्या शेतात बसायची परवानगी मिळवली. नेम मात्र पक्का. सरावाच्या रेंजवर त्याचे बाण एकमेकांना खेटून बसायचे.

एका वर्षी सीझनला जोडीदार म्हणून त्याने मला धरलं. मी पुण्याचा परांजपे, अंडंसुद्धा न खाणारा.

"मला कशाला?" मी विचारलं.

"तुले कुठं मारायचं आहे बे? तू फक्त बसून राह्य."

दर रविवारी पहाटे आम्ही त्याच्या ब्लाइंडमधे बसायचो. ब्लाइंड म्हणजे लपून बसायचा छोटा तंबू. आतून काळाकुट्ट, पुढे एक खिडकी, दोन घडीच्या खुर्च्या. टर्कीची नजर फार तीक्ष्ण, त्यामुळे आतल्या माणसानेही काळंच घालायचं. पहिल्या दिवशी मी पांढरे बूट घालून गेलो, तर भुसारीने त्यांच्यावर स्वतःचे काळे मोजे चढवले. खाण्याबद्दलही त्याचं शास्त्र होतं. शिरा चालतो, चिवडा चालत नाही. पोहे चालतात, वरची शेव चालत नाही. एकदा मी खिशातून भाकरवडी काढली, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती चघळून मऊ करून गिळली.

मी उतावीळ झालो की त्याचं एकच वाक्य, "दम धर बे."

गंमत म्हणजे आवाज न करण्याचा हा नियम त्याने माझ्यापुरता ठेवला होता. स्वतः तो अखंड कुजबुजायचा. माझ्या आईचा गुडघा कसा आहे, बहिणीचं लग्न जमलं का, पुण्यात आमच्या गल्लीतली डेअरी अजून आहे का. पुढच्या रविवारी सगळं लक्षात ठेवून त्याच्या पुढचं विचारायचा. त्याला उलट काही विचारलं, की त्याला लगेच झाडीत काहीतरी हललेलं दिसायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ब्लाइंडमधे बसल्या बसल्या मी त्याला सांगितलं, "भुसारी, माझं प्रोजेक्ट संपलं. महिनाअखेरीला मी जर्सी सिटीला जातोय."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "चांगलं आहे ना. ओक ट्री रोडवर आपलं सगळं सामान भेटते तिकडं," एवढंच म्हणाला.

आणि नेमका तेव्हाच टर्की आला. ऊन नुकतं झाडांवर चढलं होतं. पिसारा पसरून, लाल-निळी मान ताठ करून, बाजीराव भुसारीने समोर रोवलेल्या रबरी मादीभोवती डौलात फिरायला लागले. इतका जवळ, की पिसांतला तांबूस रंग दिसत होता. भुसारीने धनुष्य ताणलं. इतक्या रविवारांची माझी झोप त्या पक्ष्यावर खर्च झाली होती. सात पिढ्यांचा शाकाहारी मी, दात-ओठ खाऊन पुटपुटत होतो, "मार. मार ना. अरे, मार."

भुसारीने दोर हळूच सैल केला आणि धनुष्य मांडीवर ठेवलं. टर्की आणखी एक चक्कर मारून, आपण इथे उगाच आलो असा चेहरा करून, झाडीत निघून गेला.

"हे काय?" मी जवळजवळ ओरडलोच. "समोर उभा होता! दया आली का तुला?"

"दया कायची?"

"मग?"

तो बाणाचं टोक न्याहाळत राहिला. "लायसन्सवर एकच पक्षी असते. मागच्या वर्षी पहिल्याच रविवारी मारला. मग काय, सीझन खतम. पुढचे सगळे रविवार घरात बसून काढले." बाण खाली ठेवत म्हणाला, "टर्की पाह्यले चल म्हटलं तर माणूस येते. उगाच घरी ये म्हटलं तर कोण येते? आणि तुझे तर दोनच रविवार राहिले आता."

 तो उठायला लागला. "चल, सोडतो तुले. पॅकिंग असेल."

"पॅकिंग होईल रे," मी म्हटलं. "बसू अजून."

तो बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंजिरी यंदाही येणार नाही म्हणते. तिचा दवाखाना नागपुरात जमला, पोरीची शाळा जमली. बरोबरच आहे म्हणा तिचं."

त्याची बायको आणि मुलगी परत गेल्यात, हे मला ऑफिसमधून ऐकून माहीत होतं. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.  आम्ही समोरच्या रिकाम्या शेताकडे बघत दुपारपर्यंत बसून राहिलो.

पुढचे दोन्ही रविवार मी गेलो. टर्की फिरकला नाही. त्याबद्दल आमच्यापैकी कुणी कुरकुर केली नाही.