जानकीबाईंची खुर्ची आणि चार माणसं

"खुर्ची मी निवडणार. तू घरी थांब आणि जागा कर!" उत्तराने सहदेवला बजावलं. पापलेट असो, पडद्याचं कापड असो की नवरा, आपली निवड कधी चुकत नाही, असा तिचा ठाम विश्वास होता. आणि तिसऱ्या उदाहरणाने समोर उभं राहून 'नाही' कसं म्हणावं!

सहदेवची आई जानकीबाई मालवणहून बोरिवलीला कायमच्या राहायला आल्या होत्या. गुडघ्यांच्या दुखण्याने रात्र रात्र डोळा लागत नसे. म्हणून पाठ मागे कलणारी, पाय वर उचलणारी नव्या तऱ्हेची खुर्ची घ्यायचं उत्तराने ठरवलं, आणि शनिवारी दुपारी सासूबाईंना घेऊन ती अंधेरीच्या दुकानात हजर!

"माका कित्याक खुर्ची? मी काय मामलेदार आसंय?"

"आई, तुम्ही फक्त बसा. बाकी माझ्यावर सोडा!"

पहिली खुर्ची वेताची. "टोचता!" दुसरी डुलती. "बोटीत बसल्यासारखा वाटता, मळमळता माका!" तिसरी इतकी खोल, की त्यांना बाहेर काढायला उत्तराबरोबर दुकानदार चंद्रप्रकाशशेठही लागले. चौथी तपकिरी रेक्झिनची. उत्तराने बाजूचा दांडा ओढला मात्र, खटाक्! पाठ मागे, पाय वर!

"देवा रवळनाथा!" जानकीबाई किंचाळल्या. मग त्यांनी अंग सैल सोडलं. "बरा वाटता गो," त्या पुटपुटल्या आणि चक्क घोरू लागल्या!

तास झाला तरी उठवणं उत्तराच्या जिवावर आलं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकट्या अनंतरावांकडे. तिने दुकानातून तिथे फोन लावला. लाइनवर नुसती खरखर!

"अनंतराव, सहदेवला निरोप द्या. आई खुर्चीत शांत झोपल्यात!"

"काय सांगताय वहिनी!"

"हो ना, बसल्या बसल्या! चेहऱ्यावर काय समाधान आहे! संपलं बिचाऱ्यांचं दुखणं. मी टेम्पो करून आणतेय. चार माणसं तेवढी खाली तयार ठेवा."

"धीर धरा, वहिनी!"

"धीर कसला? मी तर जाम खूश आहे!"

फोन ठेवून अनंतराव बायकोला म्हणाले, "धक्क्याने डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या."

इकडे जानकीबाई ताज्यातवान्या होऊन उठल्या. धूळ बसू नये म्हणून चंद्रप्रकाशशेठनी खुर्ची पांढऱ्या चादरीत गुंडाळून सुतळीने आवळली आणि टेम्पोत मागे ठेवली. सासूसुना पुढे ड्रायव्हरशेजारी.

टेम्पो गल्लीत वळला. बिल्डिंगखाली ही गर्दी!

"चार सांगितले तर चाळीस आले! बघा आई, आपलं वजन किती आहे इथे!"

टेम्पो थांबतो न थांबतो तोच कांदिवलीहून धावत आलेली जानकीबाईंची लेक मालन मागे चढली आणि पांढऱ्या गाठोड्याला कवटाळून तिने हंबरडा फोडला, "आये गोऽऽ!"

पुढचं दार उघडून जानकीबाई सावकाश उतरल्या.

"गो मालन, खुर्चेक मिठी मारून रडतंस कित्याक?"

सगळे थिजले! अनंतरावांनी हातातला हार पाठीमागे लपवला. सहदेव आईच्या गळ्यात पडून पोरासारखा रडला. मग चाळीस जणांनी मिळून खुर्ची वर नेली आणि जानकीबाईंना थाटात बसवलं.

पण त्यांनी डोळे मिटले, की मालन नाकाशी बोट धरायची. ती बाजूला झाली, की सहदेव! मध्येच दारातून अनंतराव, "श्वास चालू आहे ना?"

"जिती आसंय रे मेल्यांनो! झोपाक द्या माका!" जानकीबाई कडाडल्या. चटई काखेत मारली, आतल्या खोलीत गेल्या आणि कडी घातली.

सहदेवने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बघतोस काय? खुर्ची झकास आहे!" उत्तरा ऐटीत बसली आणि तिने दांडा ओढला. खटाक्! पाठ मागे, पाय वर.

"खोट काढायला जागा नाही हिच्यात," ती छताकडे बघत म्हणाली. "फक्त मला जरा उठव. दांडा हातात आलाय."