चार गिअर मागे, एक पुढे

लग्नाला नऊ दिवस उरले असताना दौलतरावांची फियाट रिसोडच्या भाजीबाजारासमोर बंद पडली. आत तीन कॅरेट वांगी आणि एक दौलतराव होते. थांबण्याआधी मागून असा आवाज आला, जसं कोणी खलबत्त्यात खिळे कुटतंय. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, फक्त चाकांना ते कोणी कळवत नव्हतं.

बादल मिस्त्री आला, पोतं अंथरून गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. तो खालून बोलला की दौलतराव त्याच्या चपलांकडे बघून उत्तर द्यायचे. वीस वर्षांची सवय.

"गोळा गेला," चपला म्हणाल्या.

गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला दातेरी चाकांचा गड्डा. इंजिनाचं फिरणं तोच चाकांपर्यंत पोचवतो.

"वेल्डिंग मारून नाही चालन का?"

"दाताले वेल्डिंग नाही राहत, दौलतभाऊ. दुसरा गोळा पायजे. आन् तो भेटन कुठी? बासष्ट सालची गाडी हाये. तिच्यासंगच्या साऱ्या गाड्यांचे वर्षश्राद्धं होऊन गेले."

दौलतराव तसे हार मानणारे नव्हते. त्या गाडीचा पट्टा पिठाच्या गिरणीतून आला होता, पेट्रोलची नळी ठिबकमधून, आणि हवेच्या डब्याला लावलेली रबरी रिंग बायकोच्या, म्हणजे सीताबाईंच्या, कुकरची होती. कुकर दीड वर्ष शिट्टी का देत नाही, हा विषय घरात कोणी काढत नसे. पण गोळ्याच्या मापाचं घरात काहीच नव्हतं. दौलतरावांनी पाट्यापासून जात्यापर्यंत सगळ्यांवर नजर टाकून पाहिली.

खरी अडचण गाडीची नव्हती, शब्दाची होती. साखरपुड्यात पन्नास माणसांसमोर दौलतराव बोलून बसले होते की जावई मारुतीच्या पारावरून मांडवात येईल तो माझ्या गाडीत, आणि माझी मुलगी तनुजा सासरी जाईल तीही माझ्याच गाडीत. व्याही हरीओम नियमांचा माणूस. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या खटल्याचे, म्हणजे घराण्याचे, दोन नियम सांगितले. परण्यात, म्हणजे पारापासून मांडवापर्यंतच्या मिरवणुकीत, नवरदेवाची गाडी मागे घ्यायची नाही. आणि नवरी एकदा गाडीत बसली की मान वळवून माहेराकडे पाहणार नाही. मग सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले होते, "आमची नवी गाडी मांगं राहीनच, दौलतराव. तुमचीले काही झालं तं."

'तुमचीले काही झालं तं' हे चार शब्द तेव्हापासून दौलतरावांच्या छातीवर बसून होते.

वाशीमच्या तीन गॅरेजांत ते जाऊन आले. पहिला हसला, दुसऱ्यानं मोबाइलवर तशाच गाडीचा फोटो दाखवला, तिसऱ्यानं चहा पाजला. चौथ्या दिवशी एसटीनं कारंज्याला गेले. तिथे एका कापूसवाल्याच्या आवारात अगदी हुबेहूब गाडी उभी होती. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं दौलतरावांकडे घरमालकिणीसारखं पाहिलं. खाली वाकून बघितलं तर गोळ्याच्या जागी नुसती हवा. तो तर अनसिंगच्या सोमलानं कधीच नेला, असं कापूसवाला म्हणाला.

अनसिंगला सोमलाची रसवंती होती. गोळा तिथे डिझेल इंजिनाला जोडलेला, उसाचा चरक फिरवत होता. सोमला गोळा द्यायला एका बोलात तयार झाला, कारण पुढच्या हप्त्यात त्याचा लायटीवरचा चरक येणार होता. पैशाचं नाव मात्र त्यानं काढू दिलं नाही.

"परण्यात पुढच्या शिटावर मी बसीन," तो म्हणाला. "जिंदगीत मोटारीत पुढं बसलो नाही. मले सारे मांगंच कोंबते."

दौलतरावांनी कबूल केलं. गोळा पोत्यात घालताना सोमलानं आणखी एक गोष्ट सांगितली. "मिस्त्रीले सांगजा, हा पालथा केला हाये. चरक उलटा फिरे, रस माह्या अंगावर आन् चोथा गिऱ्हाइकाच्या गिलासात. मंग म्या याची बैठकच कापून उलटी जोडली."

आता हे बादलला सांगायचं म्हणजे गोळा कुठून आला तेही सांगावं लागणार. आणि बादलला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत रिसोडच्या चौकात आणि दिवेलागणीला व्याह्यांच्या ओसरीवर पोचत असे. नवरदेव रसवंतीवर बसून येणार, असं हरीओम सुपारी चघळत चारचौघांत सांगताना दौलतरावांना स्पष्ट दिसले. त्यांनी गोळा डिझेलनं धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बादलपुढे ठेवला.

"मुंबईहून बोलावला. ओरिजनल. प्याक पीस."

बादलनं हुंगून पाहिलं. "मुंबईच्या मालाले उसाचा वास काहून येऊन राह्यला?"

"गोडाऊन साखरेच्या बाजूनं असन."

बादलनं तो जसा बसला तसा बसवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला गाडी जॅकवरून खाली उतरली. धुतली होती, झेंडूच्या माळा लागल्या होत्या. दौलतराव स्वतः बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी सावकाश मागे गेली आणि आचाऱ्यानं चिरून ठेवलेल्या कोबीच्या ढिगात जाऊन टेकली. आपलाच हात चुकला असेल म्हणून त्यांनी दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागे गेली आणि आचारी उठून उभा राहिला.

बादलनं त्यांना उतरवलं आणि स्वतः बसून सगळे गिअर तपासले. निकाल असा की गाडीला मागे जायचे चार गिअर होते, आणि पुढे जायला एकच, तो म्हणजे रिव्हर्स.

"असं कसं होईन?" बादल स्वतःशीच म्हणाला. "मुंबईचा माल."

तेवढ्यात कडक इस्त्रीचं धोतर आणि गुलाबी फेटा घालून सोमला आवारात आला. पुढची सीट कोणी धरू नये म्हणून तो चार तास आधीच निघाला होता. त्यानं गाडीकडे पाहिलं, कोबीकडे पाहिलं.

"म्या सांगतलंतं ना, पालथा हाये म्हणून," तो शांतपणे म्हणाला. "माह्या रसवंतीत तं बराबर चाले."

बादलनं दौलतरावांकडे पाहिलं. दौलतरावांनी झेंडूच्या माळेकडे.

गोळा सुलटा करायचा तर बैठक कापून पुन्हा जोडायची, म्हणजे दोन दिवस. लग्न साडेबाराला. बादलनं रिव्हर्स टाकून गाडी कोबीतून हातभर पुढे काढून पाहिली. मग म्हणाला की परण्या तसाही मुंगीच्या चालीनंच चालतो, पुढं बँड असतो, पोरं नाचतात. रिव्हर्सच्या गिअरात गाडी तेवढं पुढे नक्की जाईल. फक्त याबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. हे तो सोमलाकडे बघून बोलला. सोमला पुढच्या सीटवर कधीच जाऊन बसला होता.

परण्या असा निघाला की लोकांनी नाव घ्यावं. गाडी झटके देत नव्हती, घाई करत नव्हती. गोळा तापला तसा उसाचा गोडसर वास सुटला आणि एक बैल गाडीमागे चालू लागला, तेवढंच. जावई मुकेश मागच्या सीटवर राजासारखा बसला होता. हरीओम शेजारून चालत होते. ते म्हणाले, "चाल मस्त हाये बाप्पा गाडीची. आमची नवी अशी चालतच नाही, पळालेच पाहते." पहिला नियम काटेकोर पाळला जातोय, याचं त्यांना विशेष समाधान होतं. अख्खा परण्या रिव्हर्सच्या गिअरात होऊन राह्यला आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि पाठवणीची वेळ आली. व्याह्यांचं गाव चौदा किलोमीटर. परण्याच्या चालीनं इंजिन अर्ध्या वाटेत उकळलं असतं. हरीओमची पांढरी गाडी दार उघडून मांडवासमोर लागली होती. तिच्यावरही फुलं होती. म्हणजे माणसानं सकाळपासून तयारी ठेवली होती.

दौलतराव तनुजाला बाजूला घेऊन उभे राहिले. डोळे पुसून काजळ गालावर आलं होतं तिच्या.

"काय झालं बाबा? गाडी बंद पडली का?"

"बंद नाही पडली. उलटी झाली." आणि त्यांनी रसवंतीपासून कोबीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मुंबईसुद्धा.

रडता रडता ती हसायला लागली. "तं मंग उलटीच न्या ना. मी याच गाडीत जाईन."

ती जाऊन मागच्या सीटवर बसलीसुद्धा. मुकेशनं वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि संसारातला पहिला निर्णय घेत तिच्या शेजारी बसला.

बादलनं गाडीची डिकी सासरच्या वाटेकडे करून लावली, तसे हरीओम पुढे आले. सून उलट्या गाडीत दारात येणार, हे आमच्या खटल्यात चालत नाही, म्हणाले. गाडी मागे घ्यायची नाही म्हणजे नाही.

"मांगं कोण घेऊन राह्यलं?" बादल स्टेअरिंगवरून म्हणाला. "हा पाहा. पयल्या गिअरात हाये."

हरीओमनी वाकून पाहिलं. गिअर पहिलाच होता. पहिला नियम परण्यापुरता असेल, पण दुसरा तरी आहेच, असं ते म्हणू लागले, तेव्हा दिवसभर गप्प असलेल्या सीताबाई पदर खोचून मध्ये आल्या.

"तुमचा दुसरा नियम मले पाठ हाये, इवाईबुवा. नवरीनं मान वळवून माहेराकडं पाहाचं नाही. नाही वळवणार माही पोरगी. ती सरळ समोर पाहीन."

हरीओमच्या खटल्यातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बराच शोध घेऊनही नियमात काही सापडलं नाही.

बादलनं मान खिडकीबाहेर काढली, क्लच सोडला. गाडी पाठ पुढे करून निघाली. पुढच्या काचेतून तनुजा आईकडे बघत होती आणि आई तिच्याकडे. वेशीजवळच्या वळणापर्यंत दोघींनी एकमेकींना पाहून घेतलं. सीताबाईंच्या स्वतःच्या वेळी मोटारीच्या मागच्या काचेवर धुळीशिवाय काही दिसलं नव्हतं.

रस्त्यातलं नंतर बादलनं सांगितलं. समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर बराच वेळ हॉर्न वाजवत होता. ही गाडी आपल्या पुढे चालली आहे असंच त्यानं धरलं होतं, आणि ती जवळ का येतेय हे त्याला कळेना. पांढरी गाडी मागून येत होती, म्हणजे तोंडासमोर. चौदा किलोमीटर सून आणि सासरा एकमेकांकडे बघत होते. सातव्या किलोमीटरला सासऱ्याला हसू आलं. दारात गाडी डिकीकडून पोचली, आरतीवाल्या बायका ताट घेऊन पळत पुढच्या बाजूला गेल्या.

सोमवारी बादल आला. उलट्या गाडीसाठी आणखी दोन लग्नांची विचारणा होती, म्हणाला. गोळा सुलटा करायचा की राहू द्यायचा?

दौलतराव विचारात पडले. शब्द राहिला होता, नाव झालं होतं, गावात लोक थांबून गाडीची तब्येत विचारत होते. राहू दे, म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"सुलटा करा," ओट्यावर वांगी निवडत बसलेल्या सीताबाई म्हणाल्या. "गुरुवारी तनुजाले मांडवपरतणीले आणाचं हाये. येताना पोरीचं तोंड इकडं पायजे."

दौलतरावांनी तोंड मिटलं आणि बादलसाठी पोतं आणून गाडीखाली अंथरलं.

"आन् खोलूनच राह्यले," सीताबाई वांग्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तं माह्या कुकरची रिंगही काढून द्या. जावाई जेवाले येऊन राह्यले."