साहेबांसाठी एक बरी खुर्ची

साहेबांना बसायला एक बरी खुर्ची असावी, एवढंच अण्णांनी ठरवलं होतं. त्याहून मोठा बेत त्यांच्या डोक्यात नव्हता, हे त्यांची बायकोसुद्धा मान्य करील. (एरवी ती फारसं काही मान्य करत नाही.)

झालं होतं असं, की त्यांच्या थोरल्या मुलीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. अण्णांची कोपऱ्यावर लाँड्री होती. तिच्यावर घर चालत होतं, पण कॉलेज चालण्यासारखं नव्हतं. सरकारच्या एका मदत योजनेत गरजू मुलांची फी माफ होत होती. थोरलीने खेटे घालून अर्ज केला आणि एक दिवस कार्यालयातून फोन आला, की घरची परिस्थिती पाहायला रविवारी सकाळी साहेब येतील. साहेबांचा शेरा चांगला पडला तर कॉलेज. नाहीतर थोरलीने अण्णांच्या शेजारी उभं राहून इस्त्री फिरवायची.

यातलं ‘घरी साहेब येतील’ एवढंच अण्णांनी मनावर घेतलं.

“आपल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे,” रविवारी उठल्या उठल्या ते बायकोला म्हणाले. “साहेब काय डुलत बसणार?”

“डुलू देत की. परिस्थितीच बघायला येतायत ना?”

“परिस्थिती वेगळी आणि अब्रू वेगळी!”

त्यांच्या इमारतीत कुणाकडे पाहुणा आला की बाकीच्यांच्या वस्तू त्याच्या सरबराईला धावत. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या मावशींनी मखमली खुर्ची लगेच दिली. पण खुर्ची इतकी देखणी होती की तिच्यामागचा भिंतीवरचा ओलीचा डाग एकदम डोळ्यांत भरू लागला. तो झाकायला शेजारच्या पोस्टमास्तरांचा भलामोठा टीव्ही आला. मग टीव्हीसमोर स्टीलचे पेले शोभेनात, म्हणून बँकेतल्या काकूंच्या सोनेरी कडांच्या कपबश्या आल्या. आता घरात न शोभणारी एकच वस्तू उरली. ती आरशात दिसत होती.

अण्णांचे दोन्ही शर्ट धुवायचे पडले होते. (लाँड्रीवाल्याचे कपडे नेहमी शेवटी धुतले जातात.) त्यांनी दुकानातून एका गिऱ्हाइकाचा बंद गळ्याचा काळा कोट आणला. तासभर अंगात घातल्याने कोट थोडाच झिजतो?

थोरली दूध घेऊन आली आणि दारातच थबकली.

“अण्णा, अहो हे काय केलंत? आपली परिस्थिती बेताची आहे हे दाखवायचंय!”

“दाखवायचं कशाला? तोंडाने सांगू की.”

तेवढ्यात बेल वाजली.

साहेब किरकोळ अंगाचे आणि अबोल होते. ते मखमली खुर्चीत बसले. त्यांनी टीव्ही पाहिला, कपबशी पाहिली आणि मग अण्णांच्या कोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. छाप पडली, असं अण्णांना वाटलं.

“लाँड्री बरी चालते वाटतं?”

“आपल्या कृपेने जोरात!” अण्णा सवयीने बोलून गेले. थोरलीने टेबलाखालून पाय मारला. “म्हणजे, चालत नाही. लंगडते.”

“टीव्ही मोठा आहे.”

“आहे. पण आम्ही बघत नाही हो.” (हे मात्र खरं होतं. रिमोट पोस्टमास्तरांकडेच राहिला होता.)

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. थोरलीने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. लहानपणी रडू आवरायचं असलं की ती असंच करायची. अण्णांनी ते पाहिलं. खड्ड्यात जाऊ दे अब्रू!

“साहेब,” ते घाईघाईने म्हणाले, “ही खुर्ची—”

“माझी आहे!” दारातून मावशी म्हणाल्या. “साहेब, उठा बघू जरा. आमचे व्याही न सांगता उपटलेत, आणि बसवायला घरात काही नाही.”

साहेब उठले. खुर्ची गेली. तिच्यामागोमाग पोस्टमास्तर आले. “मॅच सुरू झाली, अण्णा!” टीव्ही गेला आणि ओलीचा डाग प्रकट झाला. मग बँकेतल्या काकू येऊन साहेबांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“सावकाश प्या हो,” त्या बशीवर नजर ठेवून म्हणाल्या. “मी थांबते.”

साहेबांनी चहा गरमच घशाखाली ढकलला आणि ठसका लागून जवळच्या दुसऱ्या खुर्चीत बसले. ती डुलली.

“ही तरी तुमची का?”

“हो,” अण्णा कसेबसे म्हणाले. “हिला कुणी मागत नाही.”

साहेब हसले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर हलली. “माझ्या येण्याआधी लोक टीव्ही लपवतात. आणून ठेवणारे तुम्ही पहिलेच.” त्यांनी भराभरा शेरा लिहिला आणि थोरलीकडे वळले. “कॉलेजच्या तयारीला लाग, बाळ. शिफारस केली आहे.”

थोरली रडली, तिची आई रडली, आणि अण्णांची छाती कोटात मावेना. ते साहेबांना पोचवायला दारापर्यंत गेले.

“सगळं गेलं,” साहेब म्हणाले. “कोट मागायला कुणी आलं नाही?”

“छे, छे! हा खास शिवून घेतलाय.”

“हो ना. कापड मीच निवडलं होतं.” साहेबांनी एका बटणावर बोट ठेवलं. “काळं मिळेना म्हणून बायकोने हे तपकिरी लावलं. ती रोज तुमच्या दुकानात येते, आणि तुम्ही रोज सांगता, डाग निघत नाही, उद्या या.”

अण्णांनी कोट उतरवून त्यांच्या हातात दिला. आत फक्त बनियन होतं, आणि त्याला खांद्यापासून बरगडीपर्यंत खिडक्या पडल्या होत्या.

साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा पेन काढलं.

“थांबा,” ते म्हणाले, “शेऱ्यात ‘गरजू’च्या आधी ‘अत्यंत’ लिहायचं राहिलं.”